पानाच्या पालथ्या बाजूसाठी कॅमेरा : द्राक्षबागेतल्या प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर, गंगापूर रोड, नाशिक

कॅमेरा आज हातात आला. ऑलिंपस टीजी-६, २०१९ मध्ये आलेलं मॉडेल. मावसभावाने दोन वर्षं वापरलेला. सोबत दोन बॅटऱ्या आणि लेन्सभोवती बसणारी एलजी-१ ही पारदर्शक कडी. गटाच्या पैशांतून काही विकत घेण्याआधी एक फळछाटणीचा हंगाम हा कॅमेरा वापरून बघायचा आणि मग बोलायचं, असं बैठकीत ठरलं आहे. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे.

हे सगळं का करतोय ते आधी लिहून ठेवते. आमचा १४ बागायतदारांचा गट, सगळे दिंडोरी तालुक्यातले, मोहाडी-जानोरीच्या पट्ट्यातले. रोज सकाळी माझ्या मोबाइलवर पानांचे फोटो येतात. गेल्या हंगामात एका भाऊंनी पानाच्या मागच्या बाजूवर पांढरं दिसतंय म्हणून फोटो पाठवला. फोटो हललेला होता. मी 'डाऊनी वाटते' (डाऊनी म्हणजे द्राक्षाचा केवडा रोग) असं कळवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी तीन एकरांवर फवारणीचा ब्लोअर फिरवला आणि दोन दिवसांनी परत फिरवला. मी प्रत्यक्ष बागेत गेले तेव्हा कळलं की ते पान कलमाच्या जोडाखालून आलेल्या डॉगरिज या खुंटाच्या फुटीचं होतं. खुंटाच्या त्या पानाला मुळातच मागून पांढरी लव असते. रोग नव्हताच. दोन्ही फवारण्या माझ्या शब्दावर झाल्या. हंगामभर ती गोष्ट मनातून गेली नाही.

त्यामुळे मला उत्तर हवंय ते एकाच प्रश्नाचं: लव आणि डाऊनी यांतला फरक बागेतच, पान न तोडता, फोटोत स्पष्ट दाखवता येतो का?

२३ सप्टेंबर

आज फक्त लेन्स समजून घेतली.

साध्या छोट्या कॅमेऱ्यात चालू केल्यावर लेन्सची नळी बाहेर येते. इथे काहीच बाहेर येत नाही. समोर एक काच, तिच्यामागे आत शिरलेला प्रकाश काटकोनात वळवलेला, आणि झूमची सगळी भिंगं बॉडीच्या आतच पुढेमागे सरकतात. म्हणजे पाणबुडीतल्या पेरिस्कोपसारखी मांडणी. ही कल्पना नवी नाही. मिनोल्टाने २००२ मध्ये डायमेज एक्स काढला, जेमतेम २० मिलिमीटर जाडीचा, त्यात प्रिझमने प्रकाश वळवून ३ पट झूम बसवला होता. २०१९ नंतर महागड्या मोबाइलमध्ये 'पेरिस्कोप लेन्स' म्हणून जे गाजलं, ते याच घराण्यातलं. मिनोल्टाला कॅमेरा खिशात मावायला हवा होता, मोबाइलवाल्यांना जाडी न वाढवता लांबचं जवळ आणायचं होतं. टीजी मालिकेत या घडीचा उपयोग वेगळाच केलाय: नळी हलत नाही, म्हणून कॅमेरा पूर्ण सीलबंद करता येतो. १५ मीटर खोल पाण्यापर्यंत चालतो. आणि आपल्या कामाचं म्हणजे, मायक्रोस्कोप मोडमध्ये समोरच्या काचेपासून १ सेंटीमीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो, तोही झूम पूर्ण ताणलेला असताना.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. बहुतेक छोटे कॅमेरे इतक्या जवळ फक्त वाइडला (झूम न करता) फोकस करतात, त्यामुळे जवळ जाऊनही वस्तू लहानच दिसते. इथे झूमच्या १०० मिलिमीटर समतुल्य (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात) टोकाला १ सेंटीमीटरवर गेल्यावर पट्टीवरचे जेमतेम ९ मिलिमीटर अख्ख्या फ्रेममध्ये मावले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजलं. मोहरीचा दाणा पेरूएवढा दिसला.

२४ सप्टेंबर

भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, चारही कोपरे सपाट, कॅमेरा तिपाईवर, दोन सेकंदांचा टायमर.

वाइडला, म्हणजे २५ मिलिमीटर समतुल्य, मधला भाग छान. 'भाड्याने देणे आहे' खालचे फोन नंबर सहज वाचता येतात. कोपऱ्यांकडे अक्षरं पातळ होत जातात. रॉ फाइल उघडून पाहिली तर सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगलेल्या. जेपीईजीत कॅमेरा त्या आतल्या आत सरळ करतो. प्रकाश काटकोनात वळवून एवढ्या लहान जागेत ४ पट झूम बसवायचा तर कुठेतरी तडजोड होणारच. पान फ्रेमच्या मध्यभागी ठेवणार असल्याने मला याची अडचण नाही. पण बागेचा रुंद फोटो, पूर्ण ओळीचा, घ्यायचा असेल तर कोणाचाही बरा मोबाइल याच्यापुढे आहे. ते काम याला सांगायचं नाही.

मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र. वाइडला एफ २, एफ २.८ आणि एफ ८ असे तीनच आकडे मिळतात. एफ ८ ला जास्त खोलीपर्यंत स्पष्टता मिळेल म्हणून तिरकी पट्टी ठेवून तिन्ही घेतले. एफ २.८ आणि एफ ८ यांत पट्टीवरचे तेवढेच आकडे स्पष्ट. तासभर मीच चुकत असेन असं वाटत राहिलं. कारण असं की एफ ८ ला छिद्र लहान होत नाही, आत प्रकाश कमी करणारा फिल्टर येतो. त्यामुळे उजेड कमी होतो, खोली वाढत नाही.

हिशेब मांडून बघितल्यावर ते पटलं. सेन्सर १/२.३ इंचाचा, त्यावर १२ मेगापिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण १.५ मायक्रॉन. झूमच्या टोकाला एफ ४.९ असतानाच प्रकाशाच्या विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना पसरण्याने) एका बिंदूचा ठिपका साडेसहा मायक्रॉनच्या आसपास होतो. म्हणजे चार पिक्सेल रुंद. छिद्र आणखी लहान केलं तर सगळंच पुसट होईल. म्हणून खोली हवी असेल तर वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून घेतलेले फोटो एकत्र जोडणं हाच मार्ग, आणि तो कॅमेऱ्यातच दिलेला आहे.

६ ऑक्टोबर, मोहाडी

मामांची बाग. १० सप्टेंबरची छाटणी. बाग एकसारखी फुटलीय, काडीला पाच-सहा पानं. मामी म्हणाल्या, "फेल काढायला बाया आल्यात, त्यांच्या पुढे पुढे चाल, म्हणजे त्यांचं काम अडणार नाही." (फेल म्हणजे नको असलेल्या फुटी.) तसंच केलं.

सकाळी सव्वासातला सुरुवात केली. नऊनंतर वारा सुटला आणि १ सेंटीमीटरवर पान स्थिर राहीना. शेंड्याचं कोवळं पान तर श्वासानेही हलतं. त्यामुळे पहिला नियम: जवळचे फोटो सातच्या आधी-मागे, किंवा पानाला आधार देऊन. सुताराकडून आणलेल्या दीड फुटाच्या पट्टीला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधला. पट्टी तारेला अडकवायची, पानाचा देठ चिमट्यात धरायचा. पान तुटत नाही आणि हलतही नाही.

नळी बाहेर न येण्याचा फायदा आज कळला, आणि तो मी घरी बसून विचार केला होता त्यापेक्षा मोठा आहे. मांडवाखाली वाकून कॅमेरा पालथा करून पानाखाली सरकवता येतो. २५० ग्रॅम वजन, एका हातात मावतो. दोन पानांच्या फटीतून, तारेच्या आणि काडीच्या मधून आत जातो. बाहेर आलेली नळी असती तर पहिल्याच काडीला अडकली असती. मात्र स्क्रीन फिरत नाही. पानाखालून वर बघताना मला अक्षरशः ओळीत बसावं लागतं. बाया हसल्या, मग एकीने स्वतःहून पोतं आणून अंथरून दिलं.

शेंडे पांढऱ्या कागदावर झटकून थ्रिप्स मोजले, ते नेहमीचंच. कॅमेऱ्याने त्यातला एक धरला. एक मिलिमीटरचा किडा, पंखांची झालर दिसतेय. फेल काढणाऱ्या ताईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "आम्ही वीस वर्षं हे झटकतोय, असा दिसतो होय!"

७ ऑक्टोबर

प्रकाशाचा गोंधळ. १ सेंटीमीटरवर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पानावर पडते. त्यासाठीच ती कडी आहे: कॅमेऱ्यातला छोटा एलईडी दिवा तिच्यातून फिरून लेन्सभोवती सगळीकडून उजेड टाकतो. कालचे सगळे फोटो तिच्याच उजेडात घेतले. थ्रिप्स उत्तम, पण पानाचा पृष्ठभाग सपाट दिसतोय, वरखाली काहीच कळत नाही. कोवळ्या चकचकीत पानांवर तर कडीची गोल चकाकी तशीच उमटते.

बागेतून आणलेली डॉगरिजची दोन पानं ओट्यावर ठेवून पुन्हा बघितली. कडीच्या उजेडात लव म्हणजे नुसता पांढरट धूर. गेल्या वर्षीचा तो मोबाइलचा फोटो जसा होता, थेट तसाच. जवळ जाऊनही मी तिथेच अडकले आहे.

१३ ऑक्टोबर

रात्री दोनदा पाऊस. मामांचा पहाटे साडेपाचला फोन: "पानं निथळतायत, तू कधी निघतेस?"

१४ ऑक्टोबर, मोहाडी

तेलकट डाग सापडले. खालच्या ओळीत, जिथे पाणी साचतं तिथे, सात पानांवर. वरून बघितलं तर तेल सांडल्यासारखे पिवळट गोल. मागची बाजू अजून स्वच्छ. फक्त डागावरून डाऊनी म्हणायचं की फवारणीने भाजलंय, हे या टप्प्यावर नजरेला सांगता येत नाही.

पाच पानं ओल्या वर्तमानपत्रासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली. रात्रभर अंधारात ठेवायची. डाऊनीचा पांढरा थर रात्री, अंधारात आणि भरपूर ओलाव्यात उगवतो, म्हणून ही पद्धत. आपण तिला बुरशी म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने प्लास्मोपारा व्हिटिकोला ही खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही, ती ओओमायसीट आहे, तपकिरी शैवालांच्या जवळची. पाण्याशी तिचं एवढं नातं का, हे त्यातून समजतं. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात.

१५ ऑक्टोबर

पहाटे सहाला पिशवी उघडली. पाचपैकी चार पानांवर, बरोबर तेलकट डागांच्या मागे, पांढरा थर.

कडीचा उजेड लावून पहिला फोटो घेतला. पुन्हा पांढरा धूर. मग कडी काढली, खोलीचा दिवा बंद केला आणि मुलाच्या दप्तरातली छोटी टॉर्च पानाच्या कडेला, जवळजवळ पानाला टेकवून आडवी धरली. उजेड पानावरून घासत जाईल असा.

हेच मी तीन आठवडे शोधत होते. प्रत्येक धागा उभा दिसला. पानाच्या त्वचेतून सरळ वर आलेले, टोकाला झाडासारखे फाटे फुटलेले, फाट्यांच्या टोकांवर बारीक ठिपके. झुपके एकेका जागेवरून, पानाच्या श्वासछिद्रांतून निघालेले. आठ फोटोंची थर-जोडणी लावली तेव्हा बुंध्यापासून टोकापर्यंत सगळं स्पष्ट झालं.

लगेच डॉगरिजचं पान तसंच ठेवलं. आता लवसुद्धा बोलकी झाली. केस लांब, वळलेले, पानाला चिकटून आडवे पडलेले, एकमेकांत गुंतलेले, शिरांच्या बाजूने दाट. एकालाही फाटा नाही, टोकाला ठिपका नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. हा फरक आता मी कोणालाही दाखवू शकते, आणि ज्याने आयुष्यात रोगशास्त्र वाचलेलं नाही त्यालाही तो दिसेल.

या शोधाचं श्रेय मी लेन्सला अर्धंच देते. लेन्सने मला जवळ नेलं. पण ओळख पटवली ती आडव्या उजेडाने. कॅमेऱ्यासोबत येणारी कडी किड्यांसाठी ठेवायची, रोगासाठी ती काढून ठेवायची. हे गटाला ठासून सांगायला हवं, कारण कडी लावलेला फोटो बघायला अधिक सुंदर असतो आणि सगळे तोच घेतील.

मामांना दोन्ही फोटो पाठवले. उत्तर आलं, "डाऊनीच. खालच्या ओळीपासून सुरू करतो."

१९ ऑक्टोबर, जानोरी

बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारलेली बाग. पानांवर, तारांवर, माझ्या बाह्यांवर निळसर पांढरी धूळ. लेन्सच्या काचेवर तिचे शिंतोडे, फोटो दुधाळ. साधा कॅमेरा असता तर दिवस तिथेच संपला असता. ड्रिपची लॅटरल (ओळीतली नळी) उचलून ड्रिपरच्या थेंबांखाली धरला, धुतला, सुती रुमालाने टिपला, पुढच्या ओळीत गेले. चुन्याचा थर कोरड्याने पुसायचा नाही, काचेवर ओरखडे येतील. आधी पाणी, मगच कापड.

बोर्डो मिश्रणाचा इतिहास बागेत अनेकांना ऐकीव माहीत असतो: फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना दूर ठेवायला मोरचूद आणि चुना मारायचे, आणि त्याच वेली डाऊनीतून वाचल्याचं मिलार्डे यांच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. तेही नुसत्या डोळ्याने बघूनच. भाऊंच्या वडिलांना, आबांना, हे सांगत होते, तर ते म्हणाले, "आपल्याकडे चोर येतात ते मणी गोड झाल्यावर, तेव्हा बोर्डो मारून कसं चालेल?" त्यांचा मुद्दा रास्त आहे.

२० ऑक्टोबर

काल रात्री घरी बॅटरीचं झाकण उघडलं तर रबरी कडेवर एक सुकलेला तंतू, वेलीच्या ताणव्याचा तुकडा. बागेत बॅटरी बदलताना अडकला असणार, आणि त्यानंतर मी कॅमेरा पाण्याखाली धरला. नशिबाने आत ओल नव्हती. चूक माझी. सीलबंद कॅमेरा सीलबंद राहतो तो फक्त झाकणाची रबरी कड स्वच्छ असेपर्यंत. नियम: बागेत झाकण उघडायचं नाही. बॅटरी सकाळी भरून निघायचं, बदलायची तर गाडीत बसून, हात धुऊन.

२ नोव्हेंबर

जीपीएस. प्रत्येक फोटोवर जागा नोंदवली जाते, लॉग बटणाने फिरलेला मार्गही. आकर्षक वाटलं होतं. नकाशावर टाकून पाहिलं: मामांच्या बागेतले फोटो बागेतच आहेत, पण ओळ चुकते. आमच्या ओळी ९ फुटांवर, साध्या जीपीएसची चूक त्याहून जास्त. कोणती बाग ते कळतं, कोणती वेल ते नाही.

त्यामुळे जुनाच उपाय. ओळ सुरू करताना पाटीवर बागेचं नाव, ओळ क्रमांक आणि छाटणीची तारीख खडूने लिहून पहिला फोटो पाटीचा. पुढचे सगळे त्या ओळीचे. लॉग बटण बंद ठेवलं, बॅटरी बरीच जास्त टिकली.

९ नोव्हेंबर, मोहाडी, गटाची बैठक

मामांच्या पडवीत अकरा जण. भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर दोनच फोटो दाखवले, लव आणि डाऊनी. नावं सांगितली नाहीत, विचारलं कोणतं काय. अकरापैकी नऊ जणांनी बरोबर सांगितलं. गेल्या वर्षी तीन एकर फवारणारे भाऊ पुढे येऊन चादरीजवळ उभे राहिले, बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, तेव्हा हे असतं तर." मी त्यांच्यासमोर माझी चूक पुन्हा एकदा कबूल केली. ते गरजेचं होतं.

मग खरेदीचा विषय. माझं म्हणणं स्पष्ट मांडलं. गटाने असाच एक कॅमेरा घ्यावा, एकच, आणि तो दोन ठरलेल्या माणसांकडे राहावा. चौदा घरांत फिरला तर झाकणाची रबरी कड महिन्यात जाईल. सर्वांच्या मोबाइलची जागा तो घेणार नाही. ओळींचे, घडांचे, एकूण बागेचे फोटो मोबाइलनेच घ्या. कॅमेरा काढायचा तो फक्त शंका असेल तेव्हा, आणि सोबत टॉर्च, चिमट्याची पट्टी, मिलिमीटरची कागदी पट्टी आणि पाटी असेल तरच. कॅमेरा घेऊन टॉर्च घेतली नाही, तर खर्च केला नाही तरी चालेल.

एका भाऊंनी विचारलं की मोबाइलवर चिकटवायची भिंगं काही शेकड्यांत मिळतात, ती का नको. योग्य प्रश्न. मी तीही वापरून पाहिली आहेत. कोरड्या दिवशी, घरात, तोडलेल्या पानावर ती चांगली चालतात. पण पाऊस पडून गेल्यावर, ओल्या मांडवाखाली, बोर्डोच्या धुळीत मोबाइल पालथा करून आत घालायला कोणी तयार होत नाही. आणि डाऊनी शोधायची ती नेमकी त्याच सकाळी.

खरेदीला मान्यता. जुना, चांगल्या स्थितीतला मिळाला तर तो, नाहीतर नवा. तोपर्यंत मावसभावाने हाच ठेवायला हरकत नसल्याचं सांगितलंय.

१६ नोव्हेंबर

जानोरीहून संध्याकाळी फोटो. कॅमेरा ज्यांच्याकडे दिलाय त्या दोघांपैकी एकाने, स्वतः, माझ्याशिवाय घेतलेला पहिला. पाटी आहे, मिलिमीटरची पट्टी आहे, उजेड डावीकडून आडवा. पानाच्या मागे, शिरेच्या कोपऱ्यात, काहीतरी पांढरं. केस नाहीत, एवढं नक्की. पण उभे फाटेही दिसत नाहीत. भुरी (पानांवरचा दुसरा एक पांढरा रोग) असू शकते, फवारणीचा वाळलेला थेंब असू शकतो, डाऊनीची अगदी सुरुवातही असू शकते.

मी त्यांना काहीच मारायला सांगितलं नाही. तेच पान आणि शेजारची दोन ओल्या कागदात, पिशवीत, अंधारात ठेवायला सांगितली. उद्या सकाळी सहाला तिन्ही पानांचे फोटो पाठवणार आहेत, कडी न लावता.